बालस्थूलता : आहार व पूरके (वऱ्हाड)

देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, वयानुरूप मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास जागतिक आरोग्य संघटना ५ ते १९ वर्षांच्या मुलास स्थूल मानते. मेळघाटातील धारणी-चिखलदरा तालुक्यांच्या कुपोषणामुळे अमरावती-अकोल्याच्या शहरी स्थूलतेकडे दुर्लक्ष होऊ नये. वाढत्या वयात उपासमार न घडवता, तळलेले व गोड पदार्थ आणि शीतपेये कमी करून ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी हा वऱ्हाडी आहार बेताने देणे आणि रोज मैदानी खेळ खेळू देणे, हाच उपचाराचा गाभा होय. ‘ड’ जीवनसत्त्वाचे पूरक त्याची कमतरता भरून काढते, वजन घटवत नाही. साखरयुक्त प्रथिन-भुकटी तर उष्मांकांत भरच घालते.