ऑर्कनीचे ‘फिनमेन’ : एका एकाकी मच्छीमाराचा पुरावा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहाच्या जुन्या वृत्तान्तांत एका चमत्कारिक मच्छीमाराचा उल्लेख आढळतो. कर्कवॉलचे धर्मोपदेशक जेम्स वॉलेस यांचे ऑर्कनीवर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १६९३ साली प्रसिद्ध झाले. १६८२ मध्ये ईडे बेटाच्या दक्षिण टोकाशी एक ‘फिनमन’ आपल्या चिमुकल्या होडीत दिसला. बेटावरील बहुतेक लोक त्यास पाहावयास लोटले. त्यास धरण्यासाठी होडी घातली, तोच तो अतिवेगाने निसटला, असे त्यात नमूद आहे. १६८४ मध्ये वेस्ट्रे बेटावरून दुसरा दिसला आणि नंतर काही काळ तेथे मासळी जवळजवळ मिळेनाशी झाली. हे लोक जेथे येतात तेथील मासे हाकलून लावतात, अशी बेटकऱ्यांची समजूत होती.

१७०१ साली जॉन ब्रँड याने दिलेले वर्णन अधिक नेटके आहे. होडी सीलच्या कातड्याची, अंगात चामड्याचा अंगरखा, हाती लहानसे वल्हे, आणि होडीच्या मध्यभागी बसून हा मनुष्य दोरीने मासे धरीत आहे. हे वर्णन कयाकचे आहे, याविषयी शंका राहत नाही.

पुढील वाद मात्र नावाने भरकटला. नॉर्स परंपरेत ‘फिन’ म्हणजे सामी लोक, आणि त्यांची ख्याती जादूटोण्याची. डेव्हिड मॅक्रिची याने १८९० मध्ये या नावावरूनच उत्तर युरोपातील एका प्राचीन वंशाची कल्पना उभारली. नावावरून वंश ठरविण्याची ही हौस त्या काळास शोभण्याजोगी असली, तरी स्कॉटलंडमध्ये जपून ठेवलेली कयाक ग्रीनलंडी घडणीची आहे, हा प्रत्यक्ष पुरावा तिच्या विरुद्ध जातो.

मग ग्रीनलंडचा हा मनुष्य ऑर्कनीस आला कसा? तो स्वतः वल्हवीत आला, असे मानावयाचे तर आइसलंड व फेरो बेटांच्या मार्गानेही शेकडो किलोमीटरांचे उघडे समुद्र ओलांडावे लागतात. अडचण केवळ अंतराची नाही, रात्रींची आहे. कयाकमध्ये आडवे होता येत नाही. एकट्या माणसास झोप लागली तर तोल सांभाळणारे कोणी नसते. शिवाय चरबी चोळलेले कातडेही फार काळ पाण्यात राहिले की भिजून ढिले पडते. ते किनाऱ्यावर काढून वाळवावेच लागते. दुसरा मार्ग अपहरणाचा. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियान याच्या १६०५ व १६०६ च्या मोहिमांनी ग्रीनलंडमधून माणसे कयाकांसह पकडून नेली. पुढे देवमाशांच्या शिकारीस जाणाऱ्या जहाजांनीही हाच उद्योग आरंभिला आणि अखेर १७२० मध्ये डच शासनास त्यावर बंदी घालावी लागली. मायदेशी पोहोचण्यापूर्वी एखाद्या जहाजाने आपला बंदी समुद्रात सोडला असणे, किंवा तो स्वतःच निसटला असणे, हे अधिक संभाव्य दिसते. ऑर्कनीच्या साक्षींत मात्र अशा कोणत्याही जहाजाचा उल्लेख नाही, हे या मताचे दुबळे अंग होय.

या वादात ब्रँडच्या दोरीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. दोरी टाकून बसलेला मनुष्य नुसता वाहत आलेला नव्हे. तो पोट भरीत आहे. म्हणजे त्यास गोडे पाणी हवे, कातडे वाळविण्यास निर्जन किनारा हवा, आणि दिवसा लोक धरावयास धावतात म्हणून उतरावयाचे ते बहुधा अंधारातच. बेटकऱ्यांनी त्यास पाहिले ते नेहमी दिवसा, नेहमी पाण्यावर. त्यांच्या लेखी तो मासळीतील वाटेकरी होता. ‘मासे हाकलतो’ या आरोपाचे मूळ जादूच्या भयाइतकेच या चढाओढीतही शोधावे लागेल.

त्याच्याशी कोणी बोलल्याची नोंद ऑर्कनीत नाही. शेक्सपियरच्या राहत्या घराच्या जागी उभे असलेले घर पाडल्याबद्दल कुप्रसिद्ध झालेला धर्मोपदेशक फ्रान्सिस गॅस्ट्रेल १७६० मध्ये अ‍ॅबर्डीन येथे गेला होता. तेथे पाहिलेल्या अशाच एका होडीविषयी त्याने दैनंदिनीत लिहून ठेवले आहे की, सुमारे बत्तीस वर्षांपूर्वी ती डॉन नदीत वाहत आली तेव्हा आत एक मनुष्य होता. त्याची भाषा तेथे कोणासही उमगली नाही. शक्य ती सर्व शुश्रूषा करूनही तो तीनच दिवस जगला.