उदार शिक्षणाची कसोटी : विद्यार्थी रानडे

मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ मध्ये ते बी. ए. झाले. इतिहास व तत्त्वज्ञान यांच्या अध्ययनातून स्वतंत्र विवेक घडविणे, ही एल्फिन्स्टन कॉलेजातील उदार शिक्षणाची प्रतिज्ञा होती. परंतु एका निबंधात रानड्यांनी मराठी राज्याशी तुलना करून इंग्रजी राजवटीस उणे ठरविले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबविली. तुलना शिकविणाऱ्या संस्थेस तुलनेचा निष्कर्ष मात्र सोसला नाही. पुढे मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० च्या इंग्रजी ग्रंथात रानड्यांनी महाराष्ट्रातील संतांचे कार्य युरोपीय धर्मसुधारणेशेजारी ठेवले. त्या शिक्षणाचे खरे फलित पदवीपेक्षा या निर्भय तुलनादृष्टीत आढळते.