वाट कोणी द्यावी?



बडोद्याच्या या मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझी सारी हयात संतवाङ्मय आणि बखरी शिकविण्यात गेली. असा मनुष्य रस्ता ओलांडण्याच्या कायद्यावर बोलणार हे वाचून काहींना नवल वाटले असेल. परंतु या विषयाकडे मी भाषेच्याच दाराने आलो आहे.

आपल्या मराठीत पायी चालणारा ‘वाट पाहतो’, समोरचा त्याला ‘वाट देतो’ किंवा त्याची ‘वाट अडवतो’. कायद्याच्या अनुवादकांनी यासाठी ‘मार्गाधिकार’ असा भारदस्त शब्द घडविला. अधिकार म्हटले की आपले लक्ष तो ज्याचा आहे त्याच्याकडे जाते; वाट देणे म्हटले की देणाऱ्याकडे जाते. पादचाऱ्याच्या हक्काचा इतिहास पाहिला तर आपला साधा वाक्प्रचारच अधिक नेमका ठरतो. वाट देण्याचे कर्तव्य कोणावर आहे हे कायद्याने स्पष्ट सांगितले आणि ते करवून घेतले, तेव्हाच चालणाऱ्याचा हक्क खरा झाला. एरवी तो कागदावर राहिला. आज मला एवढेच मांडावयाचे आहे.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मलेला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणाला वाट द्यावी याची यादीच आहे. चाकाच्या वाहनातील मनुष्य, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव असा तिचा क्रम आहे. म्हातारा, आजारी आणि भारवाहक यांची आठवण ठेवणारा हा नियम कोणालाही आवडावा असाच आहे. मात्र यादीत सर्वांत आधी चाक आले आहे, हेही नजरेआड करू नये. वाहन चटकन थांबत वा वळत नाही, असा व्यवहार त्यामागे असावा.

त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात गाडीमुळे होणाऱ्या इजेचा विचार आहे. हाकणारा अडाणी असल्यामुळे गाडी भरकटून कोणास इजा झाली, तर मालकाला दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. अकुशल माणसाच्या हाती वाहन देणारा धनीच दोषी, हे तत्त्व आजही जुने झालेले नाही. परंतु तेथेच काही अपवादही दिले आहेत. जोखड मोडले, आस मोडला, वेसण तुटली तर दंड नाही. आणि हाकणाऱ्याने ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितले असेल, तरीही दंड नाही. मला हा शेवटचा अपवाद फार अर्थपूर्ण वाटतो. आपल्या रस्त्यांवरचा भोंगा हा त्याचाच वंशज आहे. ‘मी हॉर्न दिला होता’ हे वाक्य अपघातानंतर आपण किती वेळा ऐकतो! ओरडले की जबाबदारी संपली आणि ती ऐकणाऱ्याच्या पायांवर गेली, ही समजूत पुष्कळ जुनी आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या देशात वाट कोणी द्यावी याच्याही आधी, वाटेवर कोणी यावे असा प्रश्न होता. केरळातील वायकोमचा १९२४-२५ चा सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांना चालता यावे, एवढीच त्याची मागणी होती. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या जोडीला रस्त्यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे, तो याच अनुभवातून. रस्त्यावर पाऊल ठेवण्याचा समान हक्क अशा रीतीने १९५० साली सर्वांना मिळाला. त्या पावलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, कारण तोवर रस्त्यावर मोटार आली होती.

मोटारीचे कायदे आपण इंग्रजांकडून घेतले, म्हणून थोडे तिकडे पाहू. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक गाडीला शहरात ताशी दोन मैल आणि बाहेर चार मैल एवढीच मुभा दिली होती. गाडीच्या साठ यार्ड पुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, असाही नियम होता. १८९६ साली हे बंधन गेले आणि वेग चौदा मैलांपर्यंत वाढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाई मोटारीखाली सापडून दगावल्या. ब्रिटनमध्ये मोटारीने घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली होती.

ती फळाला आली नाही. १९३० च्या कायद्याने मोटारींवरील ताशी वीस मैलांची मर्यादाच काढून टाकली, आणि १९३४ साली तेथील रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. तेव्हा कोठे सरकार हलले. वस्तीत तीस मैलांची मर्यादा परत आली. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याच्या जागा ठरवून त्यांवर काळ्यापांढऱ्या खांबांचे पिवळसर गोल दिवे उभे केले. जमिनीवरचे झेब्रा पट्टे १९५१ साली आले. त्यांच्यासोबत नियम होता की, पट्ट्यावर पाऊल पडले की वाहन थांबलेच पाहिजे. रंग आणि नियम एकत्र आले, म्हणून तो पट्टा जगला. २०२२ साली तेथे वाहने चार कोटींच्या वर होती आणि रस्त्यावरचे मृत्यू १,७११ होते. त्याच वर्षी त्यांच्या वाहतूकसंहितेत आणखी एक पाऊल पडले: जो अधिक इजा करू शकतो त्याच्यावर अधिक जबाबदारी, आणि ओलांडण्यासाठी नुसता थांबलेला असला तरी पादचाऱ्याला वाट द्यावी.

अमेरिकेत उलट घडले. १९२३ साली सिनसिनाटी शहरातील हजारो नागरिकांनी मोटारींना ताशी पंचवीस मैलांपुढे जाऊ न देणारे यंत्र सक्तीने बसवावे, अशी मागणी मतदानाला आणली. मोटारधंद्याने तिच्याविरुद्ध मोठा प्रचार केला आणि ती फेटाळली गेली. पुढील काळात वाटेल तेथे रस्ता ओलांडणाऱ्याला गावंढळ ठरविणारा एक हेटाळणीचा शब्द तेथे रुळला आणि पाहता पाहता कायद्यात गेला. एका शब्दाने दोष चालविणाऱ्याकडून चालणाऱ्याकडे सरकविला. भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये असा हा दाखला आहे.

आता आपल्या घरी येऊ. १९१४ आणि १९३९ नंतरचा आपला तिसरा मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखालील १९८९ च्या नियमांतच चौक वा पादचारी पट्टा जवळ येताच वेग कमी करावा आणि तेथील माणसांना धोका नाही अशी खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे सांगितले होते. विनाकारण भोंगा वाजवू नये, असेही होते. २०१७ च्या नियमांनी आणखी स्पष्ट केले की, जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा पट्ट्यावर चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पादचाऱ्याला वाट द्यावी. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथाचा हक्क हा एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. म्हणजे शब्दांची उणीव नाही. तरीही २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली, आणि त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद, म्हणजे शाळेचे दोन वर्ग.

आपल्या बडोद्याचीच रचना पाहा. जुन्या शहराच्या चार दरवाजांकडून येणारे दोन हमरस्ते मांडवीपाशी एकमेकांना छेदतात. हे शहर पायी चालणाऱ्याच्या मापाने आखलेले होते. आजचे रस्ते यंत्राच्या मापाने आखले जातात. सिग्नलची वेळ ठरविताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः धरले जाते. त्या हिशेबाने पंधरा मीटरचा रस्ता साडेबारा सेकंदांत ओलांडता येतो. माझ्या वयाचा मनुष्य सेकंदाला ०.८ मीटरच चालत असेल, तर त्याला जवळजवळ एकोणीस सेकंद लागतात. मधल्या सहा सेकंदांत तो रस्त्यावरच असतो आणि समोरचा दिवा हिरवा झालेला असतो. लहान मुलाची अडचण वेगळी: येणाऱ्या वाहनाचा वेग त्याला अचूक जोखता येत नाही. मनुस्मृतीच्या यादीतील वृद्ध आणि भारवाहक आजही आहेत. दप्तराचे ओझे पाठीवर घेतलेले मूलही मी त्यांच्यात धरतो.

वाहनाच्या आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी तीसऐवजी पन्नास किलोमीटर वेगाने आलेली मोटार पावणेतीन पटींहून अधिक जोराने आदळते. म्हणून शाळेसमोर नुसता रंगाचा पट्टा पुरत नाही. रस्त्याला उंचवटा हवा, वेग बळेच उतरावा अशी बांधणी हवी, आणि शाळा भरताना व सुटताना वाहने थांबविणारा अधिकृत माणूस हवा. संस्थेच्या विश्वस्तांनी ही मागणी महानगरपालिकेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी करावी व तिचा पाठपुरावा करावा, अशी माझी विनंती आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे याहून लहान आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे आज वाहन आहे. पट्ट्याशी कोणी उभे दिसले तर भोंग्यावर हात न नेता थांबावे. मागचा ओरडेल, त्याला ओरडू द्यावे. दोन-चार वाहने थांबू लागली की बाकीच्यांना थांबावेच लागते.

 आता बाहेर पडताना अंधार झाला असेल, आणि आपल्यातील अनेक वृद्ध मंडळींना समोरचा रस्ता ओलांडावयाचा आहे. वाहने बाहेर काढणाऱ्यांनी आधी त्यांना जाऊ द्यावे.