सिलार पद्धत

सिलार पद्धत ही घन पृष्ठभागावर संयुगांचे पातळ थर चढविण्याची एक रासायनिक पद्धत आहे. काच, पोलाद किंवा अन्य पदार्थाची पट्टी दोन वेगवेगळ्या द्रावणांत आळीपाळीने बुडवून व प्रत्येक वेळी शुद्ध पाण्यात धुऊन हा थर वाढविला जातो. ‘सक्सेसिव्ह आयॉनिक लेयर अ‍ॅड्सॉर्प्शन अँड रिअ‍ॅक्शन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सिलार’ हा शब्द रूढ झाला. आयनांच्या थरांचे क्रमाक्रमाने होणारे अधिशोषण आणि त्यानंतरची अभिक्रिया, असा त्याचा अर्थ आहे. सौरघट, वायुसंवेदक आणि सुपरकॅपॅसिटर यांच्या संशोधनात ही पद्धत वापरली जाते. भारतात तिच्या प्रसारात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधनाचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

काही नॅनोमीटरपासून साधारण एक मायक्रोमीटरपर्यंत जाडी असलेल्या थराला पदार्थविज्ञानात पातळ थर किंवा ‘थिन फिल्म’ म्हणतात. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. असे थर तयार करण्याचे बहुतेक प्रस्थापित मार्ग निर्वात कक्षातून जातात. कक्षातील हवा पंपाने काढून घ्यायची, पदार्थाची वाफ करायची आणि ती थंड पट्टीवर जमू द्यायची, हा त्यांचा सर्वसाधारण क्रम आहे. त्यासाठी लागणारी यंत्रणा महाग असते आणि तिची देखभालही खर्चिक असते.

रासायनिक पद्धतींत थर द्रावणातून मिळतो. पैकी सर्वांत साध्या, रासायनिक स्नान पद्धतीत दोन्ही प्रकारचे आयन एकाच चंचुपात्रात असतात. द्रावणातील आयनांच्या संहतींचा गुणाकार विद्राव्यता गुणाकारापेक्षा अधिक झाला की संयुग घनरूपात बाहेर पडते. त्यातील काही भाग पट्टीवर चिकटतो, पण बराचसा अवक्षेप होऊन तळाशी बसतो व वाया जातो. सिलार पद्धतीचा उगम हा अपव्यय टाळण्याच्या विचारात आहे. दोन्ही आयन वेगळ्या पात्रांत ठेवले, तर त्यांची गाठ केवळ पट्टीच्या पृष्ठभागावरच पडेल, अशी ही कल्पना आहे.

वाय. एफ. निकोलाउ या संशोधकाने ही पद्धत १९८५ साली फ्रान्समधून प्रसिद्ध केली. जस्त व कॅडमियम यांच्या सल्फाइडांवर त्याचे आरंभीचे काम होते. १९९० च्या दशकात फिनलंडमधील संशोधकांनी ती पुढे नेली.

कृती

एका आवर्तनात चार पायऱ्या असतात. कॅडमियम सल्फाइडचे उदाहरण घेतल्यास, स्वच्छ काचपट्टी प्रथम कॅडमियमच्या क्षाराच्या द्रावणात बुडवितात. धन आयन पृष्ठभागाच्या आकर्षणाने काचेला चिकटून राहतात. दुसऱ्या पायरीत पट्टी शुद्ध पाण्यात धुऊन सैलपणे लागलेले जादा आयन काढले जातात. तिसऱ्या पायरीत ती सोडियम सल्फाइडच्या द्रावणात जाते. तेथील सल्फाइड आयन चिकटलेल्या कॅडमियमशी संयोग पावून अविद्राव्य संयुग बनवितात. चौथ्या पायरीत पट्टी पुन्हा धुतात. काही आवर्तनांनंतर काचेवर पिवळी झाक दिसू लागते.

मराठी वाचकाला याची कल्पना येण्यासाठी कापड रंगविण्याची जुनी रीत आठवावी. मंजिष्ठेचा रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवितात आणि मग रंगात घालतात; रंग धरून ठेवणारा दुवा आधी धाग्यावर बसतो. भांड्यांना कल्हई करणे किंवा दागिन्यांना सोन्याचे पाणी देणे ही उदाहरणे मात्र येथे लागू पडत नाहीत. पहिल्यात वितळलेला धातू लागतो, दुसऱ्यात बहुधा विद्युत्प्रवाह. सिलार पद्धतीत दोन्हींची गरज नसते आणि पुष्कळ संयुगांसाठी खोलीचे तापमान पुरते.

कागदावर सोपी वाटणारी ही कृती प्रत्यक्षात नाजूक आहे. धुणे अपुरे झाले तर जादा आयन शिल्लक राहून थर भुकटीसारखा येतो व बोटाने पुसला जातो. धुणे जास्त झाले तर चिकटलेले आयनही निघून जातात आणि थर वाढत नाही. द्रावणाची संहती, सामू, बुडविण्याचा काळ आणि पट्टीची स्वच्छता या प्रत्येक गोष्टीचा परिणाम होतो. धातूचा आयन सावकाश सुटावा म्हणून अमोनिया किंवा ट्रायइथेनॉलअमाइन यांसारखी जटिलकारक द्रव्ये मिसळली जातात. एका आवर्तनात रेणूंचा एकच थर बसावा हे आदर्श गृहीतक आहे. प्रत्यक्षात मिळणारी वाढ त्याहून कमी किंवा अधिक असते.

वेळेचा हिशेबही लक्षात घेण्यासारखा आहे. दोन्ही द्रावणांत २०-२० सेकंद आणि दोन्ही धुण्यांना १०-१० सेकंद धरले, तर एक आवर्तन एका मिनिटाचे होते. १०० आवर्तनांसाठी पट्टी ४०० वेळा बुडवावी लागते आणि पावणेदोन तासांच्या आसपास एकसारखी हालचाल करावी लागते. हे काम हाताने करणाऱ्या विद्यार्थ्याच्या चिकाटीवर थराचा दर्जा अवलंबून असतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पुढे यासाठी स्वयंचलित यंत्रे वापरात आली.

कोल्हापुरातील संशोधन

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ साली झाली. त्याच्या भौतिकशास्त्र विभागात चंद्रकांत लोखंडे यांनी रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनविण्याचे संशोधन दीर्घकाळ चालविले. त्यांच्यासह बाबासाहेब संकपाळ व राजाराम माने यांनी सिलार पद्धतीने बनविलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या थरांवरील निबंध २००० साली प्रसिद्ध केला. २००४ साली हबीब पठाण व लोखंडे यांनी धातूंच्या सल्फाइड, सेलेनाइड इत्यादी संयुगांच्या सिलार थरांचा आढावा ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या भारतीय नियतकालिकात घेतला. पद्धतीची तत्त्वे व अनेक संयुगांची कृती एकत्र मिळत असल्याने या विषयात नव्याने येणाऱ्यांना तो आजही उपयोगी पडतो. याच विभागात प्रमोद पाटील यांचे काम द्रावणाचा फवारा तापलेल्या पट्टीवर मारून थर बनविण्याच्या वेगळ्या पद्धतीवर होते. तिच्यावरील त्यांचा आढावा १९९९ सालचा आहे.

येथे शिकलेले अनेक संशोधक पुढे दक्षिण कोरियातील विद्यापीठांत व प्रयोगशाळांत गेले. काही जण परतून नागपूर, पुणे आदी ठिकाणी अध्यापन करू लागले व पद्धतही त्यांच्याबरोबर तेथे पोहोचली. लोखंडे नंतर कोल्हापुरातीलच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात संशोधन संचालक झाले.

उपयोग

आरंभी भर सौरघटांसाठीच्या अर्धवाहक थरांवर होता. टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थरात कॅडमियम किंवा शिशाच्या सल्फाइडचे सूक्ष्म कण बसविण्यासाठी सिलार पद्धत विशेष सोयीची ठरली, कारण द्रावण छिद्रांत आतवर पोहोचते. झिंक ऑक्साइडसारख्या थरांचा उपयोग वायुसंवेदकांत अभ्यासला जातो. ऑक्साइड मिळविण्यासाठी दुसरे द्रावण म्हणून कित्येकदा नुसते गरम पाणी पुरते.

अलीकडचे बरेचसे काम सुपरकॅपॅसिटरविषयी आहे. यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट इत्यादींच्या संयुगांचे थर पोलादी पट्टीवर चढवून विद्युतभार साठविण्याची क्षमता मोजली जाते. रुथेनियम ऑक्साइड गुणांनी चांगले, पण अतिशय महाग. त्यामुळे स्वस्त मँगनीज डायऑक्साइडकडे लक्ष वळले. त्याची सैद्धांतिक धारिता प्रतिग्रॅम सुमारे १३७० फॅरड आहे.

मर्यादा व आक्षेप

प्रतिग्रॅम दिलेले आकडे जपून वाचावे लागतात. पट्टीवरील थराचे वजन कित्येकदा एका मिलिग्रॅमहूनही कमी असते आणि ते थर चढण्यापूर्वीच्या व नंतरच्या वजनांतील फरकावरून काढले जाते. थर ०.५ मिलिग्रॅमचा असेल आणि वजनात ०.१ मिलिग्रॅमची चूक झाली, तर धारितेचा आकडा सुमारे २० टक्क्यांनी चुकतो. शिवाय अतिपातळ थराची कामगिरी जाड थरात टिकत नाही. युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात याच मुद्द्यावर बोट ठेवले व संपूर्ण उपकरणाचे वजन आणि घनफळ हिशेबात धरण्याचा आग्रह धरला. निकेल व कोबाल्टच्या संयुगांचे वर्तन पुष्कळदा बॅटरीच्या विद्युताग्रासारखे असते, त्याला फॅरडमध्ये मोजणेच चुकीचे, असा आक्षेप २०१५ साली थिएरी ब्रूस, डॅनियल बेलांजे व जेफ्री लाँग यांनी घेतला. हे आक्षेप कोणत्याही एका प्रयोगशाळेपुरते नव्हते. या क्षेत्रातील जगभरच्या लेखनाला ते लागू होते.

पद्धत स्वस्त असली तरी तिला पाणी फार लागते. प्रत्येक आवर्तनात दोनदा धुणे असल्याने धुण्याच्या पाण्यात धातूचे आयन साचत जातात. कॅडमियम व शिसे विषारी असल्याने हे पाणी मोरीत ओतता येत नाही. ते वेगळे साठवून त्यातील धातू अवक्षेपित करावा लागतो. ‘कमी खर्चाची पद्धत’ असे वर्णन करताना हा खर्च पुष्कळदा धरलेला नसतो. बोटभर पट्टीवर एकसारखा आलेला थर मोठ्या पृष्ठभागावर तसाच येईल याची खात्री नसते. काचेऐवजी लवचीक पोलादी पत्रा किंवा कापड वापरून सलग पट्टा द्रावणांतून फिरविण्याच्या दिशेनेही प्रयत्न होत आहेत.