न उडालेले विमान

विमानविद्येच्या इतिहासात आपण मोजतो ती उड्डाणे. जे विमान कधी उडालेच नाही, त्याची दखल कोण घेणार? पण आज आपण अशाच एका विमानाची हकीकत पाहू.

पहिले महायुद्ध चालू असता, १९१५ साली, क्लॉड डॉर्निए या तरुण जर्मन अभियंत्याने काउंट झेपेलिन यांच्या आश्रयाने बोडन सरोवराच्या काठी एक प्रचंड लष्करी जलविमान उभारले. पंखांचा विस्तार ४३.५ मीटर, इंजिने तीन. विमाने लाकडाची करण्याच्या त्या काळात याचा सांगाडा होता पोलाद आणि ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूचा. पाण्यावरील चाचण्या सुरू झाल्या; परंतु डिसेंबरात वादळ उठले आणि उड्डाणापूर्वीच विमानाचा चुराडा झाला.

डॉर्निए खचला नाही. जूनअखेर, १९१६ मध्ये, त्याचे दुसरे जलविमान आकाशात चढले. पुढे युद्धात हरलेल्या जर्मनीवर व्हर्सायच्या तहाने निर्बंध लादले, तेव्हा त्याचे ‘वाल’ जलविमान इटलीत तयार झाले. अशाच दोन विमानांतून आमुंडसेन १९२५ साली उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाला. युद्धासाठी मांडलेला खटाटोप अखेर शोधाच्या कामी आला. त्या यशाच्या पायाशी सरोवरकाठचा तो भंगार सांगाडा आहे, हे आपण विसरू नये.