तिकीट आणि हजेरी

दिवाळी सरते, थंडी अंगाशी येते आणि गाण्याच्या हंगामाला तोंड फुटते. वर्तमानपत्रांत जलशांच्या जाहिराती झळकू लागतात. शहाणा रसिक आधी तिकिटाची सोय पाहतो, मग शाल शोधायला लागतो. या हंगामाचे मानकरी पुणे नि मुंबई, असे आपण धरूनच चाललेले असतो. परंतु इतिहासाच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला या जाहिराती वाचताना सांगली जिल्ह्यातले एक लहानसे शहर आठवते, मिरज. गाणे लोकांपर्यंत पोचवण्याच्या दोन रीती आपल्याकडे आहेत. एक तिकिटाची, दुसरी हजेरीची. एकमेकींच्या अगदी उलट अशा या दोन्ही रीतींची मुळे शोधू गेल्यास मिरजेचाच उंबरठा लागतो.

पटवर्धनांच्या संस्थानी अमलात मिरजेला गवयांचा राबता होता. इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा पायपीट करून ग्वाल्हेरीस गेले, तिथली गायकी पदरात पाडून घेऊन महाराष्ट्रात परतले आणि पुढे काही वर्षे मिरजेस राहिले. त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकावयास आला. फटाक्याच्या दारूने त्याचा चेहरा भाजला होता, डोळे अधू झाले होते. उपचारासाठी मिरजेस आणलेल्या या मुलाचे शाळाशिक्षण थांबले तेव्हा गाणे शिकवावे असे ठरले. हेच विष्णू दिगंबर पलुसकर. जन्म १८७२.

संस्थानिकांचा लोभ होता, गुरू तोलामोलाचे होते. उणे होते ते गवयाच्या प्रतिष्ठेचे. पलुसकरांच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. मिरजेत एक समारंभ होता. गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणी गेली, शिष्यालाही गेले. पण गुरूला मात्र गेले नाही. का, तर ते पडले गवई! ही गोष्ट शिष्याच्या जिव्हारी लागली. १८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. राजाच्या मर्जीवर गाणे जगवायचे नाही, ते लोकांपुढे न्यायचे, असा त्यांनी निश्चय केला. सौराष्ट्रात त्यांनी माफक तिकीट लावून जाहीर जलसा केला. शास्त्रोक्त गाण्याच्या अशा जलशांतला तो पहिला मानला जातो. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

आज तिकिटाकडे पाहताना आपल्याला त्यात पैसा दिसतो. पण त्या काळी तिकिटाचा अर्थ निराळा होता. ज्याने आठ आणे मोजले त्याला वाड्याच्या दारात आर्जव करावे लागत नव्हते, आणि जो गात होता त्याला कोणापुढे मुजरा करावा लागत नव्हता. तिकिटाने गवयाची मान वर केली.

आता दुसरी रीत. त्याच १८७२ साली, उत्तरेत कैराना गावी अब्दुल करीम खाँ जन्मले. फिरत फिरत ते दक्षिणेत आले. त्या दिवसांत प्लेगने मुलूख हैराण केला होता. खाँसाहेबांनाही प्लेगने गाठले, त्यांनी मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गाण्याने आळवणी केली आणि ते बरे झाले, अशी कथा मिरजकर सांगतात. कथेतले श्रद्धेचे आणि औषधाचे माप काढण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. एवढे खरे की खाँसाहेब मिरजेचे झाले. दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसून ते पिराच्या चरणी गाऊ लागले. हीच ‘हजेरी’. हिच्यात बिदागी नाही, तिकीट नाही, मानाची पहिली रांग नाही. गवयाने यावे, गावे, नमस्कार करून उठावे. पुढ्यात बसणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही, खिसाही विचारीत नाही.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासेकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरे वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहान स्थानकावर उतरले आणि तिथेच २७ तारखेला त्यांचे देहावसान झाले. मृत्यू शेकडो मैलांवर आला, तरी दफन मिरजेसच झाले, त्याच दर्ग्याच्या आवारात. तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरू लागली. तीन रात्री गाणे चालते. याच उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. आणि नवरात्र आले की तिकडे अंबाबाईच्या देवळात गाण्यावाजवण्याच्या रात्री रंगतात. पिराची तिथी हिजरी महिन्याने ठरते, देवीची पंचांगाने. मिरजेच्या रसिकाला दोन्ही कालगणना ठाऊक असाव्या लागतात. रजब महिना २००६ साली जुलै-ऑगस्टात होता, २०२४ साली जानेवारी-फेब्रुवारीत. एखादा म्हातारा श्रोता सांगतो की हीच सभा आपण पावसाच्या झडीतही ऐकली आहे नि कडाक्याच्या थंडीतही, तेव्हा तो थाप मारीत नसतो.

या दोन रीती एकाच आयुष्यात पाहावयाच्या तर हिराबाई बडोदेकर आठवाव्यात. १९०५ साली त्या मिरजेतच जन्मल्या. नाते पाहिले तर खाँसाहेबांची कन्या, पण आईवडील विभक्त झाल्यामुळे त्या वडिलांपासून दुरावलेल्या. कोवळ्या वयात त्या विष्णुबुवांच्या मुंबईतल्या संगीत परिषदेत गायल्या. तिकीट लावून बैठक मारून गाणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्री गायिकांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. तिकिटाने स्त्रीच्या गाण्याला घरंदाजपणाची प्रतिष्ठा दिली ती अशी. आणि याच हिराबाईंनी वडिलांच्या स्मृतिसभेत मिरजेस हजेरीही लावली. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्या नावाने १९५३ पासून पुण्यात भरणारा महोत्सव हा म्हणजे मिरजेचाच दूरचा नातू.

परंतु गाण्याचा इतिहास गवयांवर संपत नाही. मिरजेला आणखी एक दालन आहे, सतारमेकरांचे. सुमारे १८५० साली शस्त्रांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब या शिकलगाराने गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता स्वतःच तंबोरे नि सतारी घडवण्यास आरंभ केला. तलवारीला पाणी देणारे हात तारेला सूर देऊ लागले! पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे आणावेत, वाळवून कापावेत, तूणाच्या लाकडाची दांडी जोडावी, खुंट्या बसवाव्यात, नक्षी भरावी, आणि शेवटी घोडीवर कानसेने अगदी अलगद घासून जवारी काढावी. जवारी हा या धंद्याचा प्राण. घोडीचा माथा केसभर अधिक झिजला की तंबोरा मुका होतो, केसभर कमी झाला तर तार कोरडी वाजते. हे माप कोणत्याही पट्टीवर नाही. ते बापाच्या कानातून मुलाच्या कानात उतरते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण आज पुष्कळ गवयांच्या मागे यंत्राचा तंबोरा वाजतो, तो खिशातल्या फोनमध्येही मावतो, आणि वर्ष वर्ष भोपळा वाळण्याची वाट पाहणाऱ्या घरातली मुले दुसऱ्या धंद्यांकडे वळतात. त्यांना दोष कसा द्यावा? मानांकन नावाचे रक्षण करते, पोटाचे नव्हे. गवयाला तिकीट मिळाले, श्रोत्याला हजेरीची सभा मिळाली. ज्याच्या कानावर या दोघांचे गाणे उभे आहे त्या कारागिराला मात्र आपण अद्याप काहीच दिलेले नाही. समारंभात बोलावणे न मिळालेल्या बाळकृष्णबुवांचा सल आपण शतकानंतर वाचून हळहळतो. तीच चूक तंबोरा करणाऱ्याच्या बाबतीत होऊ नये.

म्हणून या हंगामात वाचकांना माझी एक विनंती आहे. मोठ्या शहरातल्या महोत्सवाची तिकिटे जरूर काढा. पण पंचांग नि हिजरी महिना पाहून एखादी रात्र मिरजेसाठी राखून ठेवा. दर्ग्याच्या आवारात सतरंजीवर बसून पहाटेपर्यंत ऐका. आणि सकाळ झाली की परतीची गाडी पकडण्याआधी सतारमेकर गल्लीत जा. घरात मुलगा किंवा मुलगी गाणे शिकत असेल तर एक तंबोरा सांगून या. तो तयार व्हायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.