कंपालाच्या दोन टेकड्या

रोमप्रमाणे युगांडाची राजधानी कंपालाही सात टेकड्यांवर वसली, असे परंपरा सांगते. आज हे शहर त्या टेकड्या ओलांडून दूरवर पसरले आहे. तरी त्याचा इतिहास वाचायचा तर टेकड्याच चढाव्या लागतात. रुबागावर कॅथलिकांचे महामंदिर आहे, नमिरेंबेवर अँग्लिकनांचे, किबुलीवर मशीद, आणि कासुबीवर बुगांडाच्या राजांच्या, म्हणजे ‘कबाकां’च्या, समाध्या.

आपल्यापैकी कोणी तेथे गेलाच, तर तो प्रथम शहराबाहेरील नामुगोंगोची वाट धरील. ३ जून १८८६ रोजी चार्ल्स ल्वांगा आणि त्याचे सोबती येथे जिवंत जाळले गेले. फ्रेंच मिशनरी बुगांडात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. हे बहुतेक राजवाड्यातील सेवक. किझिटो तर जेमतेम चौदा वर्षांचा. तरुण कबाका म्वांगाच्या वासनेला त्यांनी नकार दिला आणि त्याच्या आज्ञेहून ख्रिस्ताची आज्ञा श्रेष्ठ मानली. अँग्लिकन तरुणांनीही त्यांच्यासोबत मरण पत्करले. बावीस कॅथलिक रक्तसाक्ष्यांना पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली संतपद दिले आणि १९६९ साली ते स्वतः येथे आले. आफ्रिकेच्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले विद्यमान पोप. पारंपरिक झोपडीच्या घाटाचे येथील महामंदिर बावीस खांबांवर उभे आहे.

बरेच यात्रेकरू येथूनच परततात. आम्हांला मात्र वाटते, की कासुबीची टेकडी चढल्यावाचून नामुगोंगो पुरते कळत नाही. गवताने शाकारलेल्या त्या विशाल घुमटाखाली, सालींपासून बनविलेल्या वस्त्राच्या पडद्यामागे चार कबाका विसावले आहेत. त्यांपैकी एक म्वांगा.

म्वांगाची कथा चितेपाशी संपत नाही. १८९७ साली तो इंग्रजांविरुद्ध उठला, १८९९ मध्ये पकडला गेला आणि सेशेल्स बेटांवर हद्दपार झाला. तेथे ‘डॅनिएल’ या नावाने त्याने अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. १९०३ साली तो वारला. १९१० साली त्याचे अवशेष मायदेशी आणून कासुबीत ठेवण्यात आले. २०१० साली ही वास्तूही आगीत भस्मसात झाली. लोकांनी ती पुन्हा उभारली आणि २०२३ साली युनेस्कोने धोक्यातील वारशांच्या यादीतून तिचे नाव काढले.

केवळ नामुगोंगो पाहणाऱ्याला म्वांगा निव्वळ क्रूरकर्मा दिसतो. केवळ कासुबी पाहणाऱ्याला परकीयांशी झुंजलेला राजा. बुगांडाचे कॅथलिक दोन्ही टेकड्यांना आपले म्हणतात. रक्तसाक्ष्यांचा सण साजरा करताना ते राजाची समाधी मोडत नाहीत, आणि राजाला मान देताना चितेचा विसर पडू देत नाहीत. मारणाऱ्याला सूडाविना आणि मरणाऱ्याला संकोचाविना आठवता येणे, हे आम्हांला या शहराचे सर्वांत मोठे प्रेक्षणीय वैभव वाटते.